सुखीबाईच्या लग्नाची मास्टर कॅसेट

बबिता दुकानात शिरली तेव्हा तिच्या उजव्या हाताला मनगटापासून बोटांपर्यंत पट्टी होती आणि डाव्या हातात अर्धी जळलेली कॅसेट. पट्टीतून पिवळं पाणी झिरपून वाळलं होतं. कॅसेटचं एक टोक गुळाच्या पाकासारखं ओघळून घट्ट झालं होतं. चारुदत्तनं आधी कॅसेटकडे पाहिलं आणि मग हाताकडे. धंद्याची सवय, दुसरं काय.

चारुदत्तच्या घराण्यात सगळे कचेरीत चिकटलेले. वडील कारकून, थोरला भाऊ बँकेत, आणि हा एकटा ऐन तारुण्यात खांद्यावर कॅमेरा टाकून जिल्हाभर लग्नं काढत हिंडला. आता लग्नं पोरं ड्रोननं काढतात. अठ्ठावन्न वर्षांचा चारुदत्त यवतमाळच्या एका गल्लीत जुना व्हीसीआर घेऊन बसतो आणि लोकांच्या कॅसेटी संगणकावर उतरवून देतो. मेलेल्यांना जिवंत करतो, असं तो गिऱ्हाइकांना सांगायचा. उचलली जीभ लावली टाळ्याला. पण त्या दिवशी बबितापुढं त्याच्या तोंडून ते वाक्य निघालं नाही, एवढं बरं.

ती लोहाऱ्याला राहायची, तिथल्याच एका कंपनीत पॅकिंगला होती. माहेर ढाणकीजवळच्या तांड्यावर. कॅसेट तिच्या आत्याच्या, सुखीबाईच्या लग्नाची, एकोणीसशे शहाण्णव सालची. त्या लग्नानंतर दुसऱ्याच दिवशी बबिताची आई मानीबाई विहिरीत पडून गेली. बबिता तेव्हा पाच वर्षांची होती आणि भाऊ लखन अंगावर पिणारा. बापानं, हिरासिंगनं, नंतर घरात आईचा एक फोटो ठेवला नाही. आता बबिताच्या मुलीला शाळेत घरच्यांचे फोटो चिकटवून तक्ता करायचा होता, आणि आजीचा चौकोन कोराच राहिला. म्हणून बबितानं आत्याची ट्रंक उपसली आणि ही कॅसेट शोधून काढली. हिरासिंगनं ती तिच्या हातात पाहिली, हिसकली आणि जुनं काही उकरायचं नाही म्हणत सरळ चुलीत घातली.

बबितानं चुलीत हात घातला. आणि हिरासिंगनं तिचं मनगट पायाखाली दाबून धरलं, हात आत असताना. हे सांगताना तिचा आवाज जराही हलला नाही. लखन दारातच उभा होता म्हणे. बापाले उलटून काहून बोलतं, एवढंच तो तिला म्हणाला.

"मले फक्त तिचं तोंड पाहाचं हाय, काका," ती म्हणाली. "अन् आवाज असन त आवाज. मले काईच आठोत नाई."

चारुदत्तनं कॅसेट उलटी केली. अर्ध्या जळालेल्या चिठ्ठीवर स्वतःचंच अक्षर त्याला दिसलं. हे लग्न त्यानंच काढलं होतं, आणि या कॅसेटमध्ये मानीबाई नव्हतीच, कारण तिला त्यानंच काढून टाकलं होतं.

लग्नानंतर आठ दिवसांनी हिरासिंग डोक्याला पांढरं गुंडाळून त्याच्याकडे आला होता. बायको गेली, ती दिसली की घरात रडारड होते, तेवढी काढून टाका, असं म्हणाला होता. चारुदत्तला दया आली होती. त्यानं मिक्सिंग करताना मानीबाईचा प्रत्येक तुकडा गाळला, वरून गाणी चढवली आणि कॅसेट दिली. पण मिक्सिंग होतं ते नकलेचं. मूळ चित्रीकरणाची कॅसेट, जिला धंद्यात मास्टर म्हणतात, ती शूटिंगवाल्याकडेच राहते. बहुतेक मास्टरवर चारुदत्त पुढची चार लग्नं काढायचा. ही मात्र त्यानं मागची पट्टी मोडून ठेवली होती, म्हणजे तिच्यावर पुन्हा काही उतरू नये. कारण तिच्यात त्याच्या आयुष्यातलं सगळ्यात चांगलं दृश्य होतं. आरशांची कांचळी घातलेली एक बाई घुंगट वर करते आणि कॅमेऱ्यात बघून खळखळून हसते. दोन हंगाम त्यानं ते हसू नमुना म्हणून येणाऱ्या-जाणाऱ्याला दाखवलं. बाई मेलीय हे ठाऊक असून दाखवलं.

यातलं अर्धंच त्यानं बबिताला सांगितलं. मास्टर आहे, एवढं. ती खुर्चीवरून उठली आणि सरळ त्याच्या पाया पडली. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मास्टर सापडली माळ्यावरच्या पत्र्याच्या पेटीत. फितीला बुरशी धरली होती. दोन दिवस तो पेन घालून चकती हातानं फिरवत आणि मऊ कापडानं फीत पुसत बसला. रविवारी दुपारी बबिता आली. कॅसेट उतरवायला घाई चालत नाही. तीन तासांची कॅसेट तीन तासच घेते, आणि कुठं फीत अडकली तर पाहायला माणूस समोर लागतो. चारुदत्तनं व्हीसीआर संगणकाला जोडला, तिला स्टूल दिलं आणि बटण दाबलं.

आधी मुंग्या आल्या, मग मांडव आला. बबितानं एकेकाला ओळखलं. हा धावजी नायक, आता नाही. ही लालीबाई काकी. चाळिसाव्या मिनिटाला कॅमेरा चुलवणापाशी वळला आणि तिथं घुंगट ओढलेली एक बाई परात उचलताना दिसली. तेवढ्यात कॅमेऱ्यामागून एका तरुणाचा लाडिक आवाज आला. चारुदत्तला तो स्वतःचा आहे हे कळायला क्षणभर लागला. ओ ताई, घुंगट घ्या ना वर, हसा की थोडं. बाई म्हणाली, नोको भाऊ, मोठी मान्सं हायेत. आवाज पुन्हा म्हणाला, काही होत नाही हो, एकदाच हसा.

आणि ती हसली. कोपरापर्यंत बलिया, म्हणजे पांढऱ्या बांगड्या, कानांजवळ चांदीच्या घुगऱ्या, पुढच्या दोन दातांत फट. बबिताच्या दातांतही तीच फट होती. बबितानं जळका हात तोंडावर दाबला आणि पट्टीच्या आतून हुंदका फुटला. याडी, ती म्हणाली. त्यांच्या बोलीत आईला याडी म्हणतात.

चित्रात डावीकडून एक हात आला. मनगटात चांदीचं जाड कडं. त्या हातानं बाईचा घुंगट केसांसकट मुठीत धरला आणि ती चौकटीबाहेर गेली. परात खाली पडली. चारुदत्त तेव्हा त्या हाताकडे न पाहता कॅमेरा फिरवून नवरीकडे गेला होता. नवरी मांडवात बसली होती. आणि मागून रडणं सुरू झालं, उंच, लांब, ओढून धरलेलं.

चारुदत्तला हे ठाऊक होतं. तांड्यावरची नवरी निघताना एकेकाच्या गळ्यात पडून रडत-गात निरोप घेते, त्याला ढावलो म्हणतात. पुढचे एक-दोन तांडे फिरून त्याला एवढं ज्ञान झालं होतं. मिक्सिंग करताना हे रडणं फार होतंय म्हणून त्यानं आवाज दाबून वर सनई चढवली होती. आता तो बबिताला समजावू लागला, की हा तुमचा ढावलो, मोठा छान आलाय बघ.

बबितानं त्याच्याकडे असं पाहिलं, की तो बोलायचा थांबला.

"नवरीचं तोंड पाहा," ती म्हणाली. "बंद हाय."

सुखीबाई पडद्यावर ओठ मिटून बसली होती. तिचे डोळे मात्र मांडवामागच्या कुडाकडे लागले होते, भीतीनं मोठे झालेले. रडणं तिकडून येत होतं. रडण्याच्या मध्ये मध्ये धप्प, धप्प असा आवाज होता. त्या दिवशी चारुदत्तला वाटलं होतं, स्वयंपाक्यासाठी कुणी लाकडं फोडतंय. आता प्रत्येक धप्पनंतर बलिया फुटल्याचा बारीक आवाज त्याला ऐकू आला. आणि शब्दही ऐकू आले, जे त्याला तेव्हाही कळले नव्हते आणि आताही कळत नव्हते.

"मन मत मार," पडद्यामागची बाई म्हणत होती. "म हासी कोनी. म हासी कोनी."

बबितानं मराठीत सांगितलं. मले मारू नोको. मी हासली नाई.

ते आठ मिनिटं चाललं. संगणकाच्या कोपऱ्यातलं घड्याळ चारुदत्तनं पाहिलं, म्हणून त्याला माहीत. बाई आधी ओरडत होती, मग कण्हत होती, मग नुसती धाप. एक शेवटचा धप्प आला आणि त्यानंतर काहीच नाही. मग ढोल सुरू झाला आणि पोरं नाचू लागली. चारुदत्तचा कॅमेरा त्यांच्यातही मजेत फिरत होता.

बबिता उठली आणि दुकानाच्या पायरीवर ओकली. तोंड धुऊन आली तेव्हा तिनं एवढंच सांगितलं, की बुधवारी येते, पेन ड्राइव्हमध्ये सगळं टाकून ठेवा, काही गाळू नका. लखनला आणि आत्याला ऐकवायचं, मग पोलिसांकडे. "मायी याडी इहिरीत पडली नाई," ती म्हणाली. "तिले टाकलं."

तीन दिवस चारुदत्त झोपला नाही. बायको रत्नप्रभा खोदून खोदून विचारू लागली तेव्हा त्यानं सगळं सांगितलं. ती साधी व्यवहारी बाई. मेली त्यांच्या घरात, मारली त्यांनी, यात तुमचं काय, असं ती म्हणाली. मग जरा थांबून म्हणाली, की ते दहा सेकंद तेवढे काढून टाका. पोलिसांनी ऐकलं तर पहिला आवाज तुमचाच आहे.

आपलं ठेवावं झाकून अन् दुसऱ्याचं पाहावं वाकून. चारुदत्तनं जन्मभर दुसऱ्याचंच वाकून पाहिलं होतं, आणि आता आपलं झाकायची वेळ आली तर ते किती सोपं होतं. बुधवारी सकाळी अकराला तो संगणकापुढं बसला. ‘घुंगट घ्या ना वर’पासून ‘एकदाच हसा’पर्यंत त्यानं निवडलं. पडद्यावर तेवढा तुकडा निळा झाला. एक बटण दाबलं की बाई आपणहून हसली असती. कुणी सांगितलं म्हणून नाही; आपणहून, परक्या माणसाकडे बघून. चारुदत्तचं बोट बटणावर होतं आणि त्याला स्वतःची मनापासून किळस आली. तरी बोट त्यानं काढलं नाही.

तेवढ्यात बबिता आली. तिच्या मागोमाग गल्लीत जीप थांबली. लखनला तिनं फोनवर सांगून टाकलं होतं, तीच चूक झाली होती. लखननं ते बापाला सांगितलं, आणि बापानं त्याला पटवलं, की शहरातला हा बामण आणि तुझी बहीण मिळून तांड्यात माझं नाक कापायला निघालेत.

लखन आत आला तो हात मोकळे सोडूनच. कॅसेट कुठं आहे, असं त्यानं विचारलं आणि उत्तराची वाट पाहिली नाही. व्हीसीआर त्यानं दोन्ही हातांनी उचलला आणि फरशीवर आपटला. झाकण उडालं. चारुदत्त तो वाचवायला वाकला तेव्हा लखनचा गुडघा त्याच्या तोंडावर बसला. समोरचा दात मुळासकट निघाला आणि जिभेवर आला. तो भिंतीला धरून उठू लागला, तर लखननं त्याचा डावा हात काउंटरच्या कडेवर ठेवून वरून बुक्की घातली. दोन बोटं उलट्या बाजूला वळली. चारुदत्त ओरडला, आणि ओरडताना त्याला वाटलं, की हा आवाजही बाहेर कुणाला लाकडं फोडल्यासारखा वाटत असेल.

लखननं व्हीसीआरमधून कॅसेट उपसली, पायानं फोडली आणि आतली फीत दोन्ही हातांनी वाव-वाव ओढून काढू लागला.

हिरासिंग मागून आला. सत्तरीला टेकलेला, पण मनगट कुऱ्हाडीच्या दांड्याएवढं, आणि मनगटात तेच कडं. त्यानं बबिताला केसांना धरून स्टुलावरून ओढलं. पहिल्या थपडेनं तिचा कान फुटला. दुसऱ्या थपडेला ती पडली. त्यानं तिच्या पट्टीच्या हातावर पाय ठेवला, चुलीपाशी ठेवला होता तसाच, आणि तिसऱ्यांदा हात उगारला.

बबितानं तोंड झाकलं नाही. तिनं वर पाहिलं आणि उंच, लांब, ओढून धरलेल्या आवाजात म्हटलं, जसं कॅसेटमधली बाई म्हणत होती तसंच:

"मन मत मार. म हासी कोनी."

हिरासिंगचा हात वरच राहिला. त्याच्या तोंडावरचा सगळा राग ओसरला आणि तिथं जुनी, कधीची शिळी झालेली चीड आली. तो बबिताकडे बघत नव्हताच.

"हासी ती," तो म्हणाला. "साऱ्या तांड्यासमोर हासी ती. परक्या मानसाले दात दाखोले तिनं."

लखनचे हात थांबले. त्याच्या कोपरांपर्यंत फीत गुंडाळली गेली होती.

"कोन हासली?" त्यानं विचारलं.

हिरासिंगनं उगारलेला हात खाली घेतला.

"बापू, याडी त इहिरीत पडली होती ना. तूच सांगतलं. पाय घसरला म्हने." लखनचा आवाज लहान पोरासारखा बारीक झाला होता. "मंग तू तिले कायले मारत होता?"

हिरासिंगनं पाय उचलला. तो आता दाराकडे बघत होता. आणि चारुदत्त, जो भिंतीला टेकून रक्त गिळत बसला होता, त्यानं दात हातात थुंकला.

"मी सांगितलं होतं," तो म्हणाला. "हसा म्हणून मी म्हटलं होतं. ती नको म्हणत होती. मी दोनदा म्हटलं."

"खोटं हाय," हिरासिंग म्हणाला.

चारुदत्त गुडघ्यांवर रांगत संगणकाशी गेला. तो निळा तुकडा पडद्यावर तसाच होता. लखनला वाटलं होतं, कॅसेट फाडली की गोष्ट मिटली. पण तीन तासांची ती सगळी गोष्ट रविवारीच या डब्यात उतरली होती. बटण अजूनही एकच दाबायचं होतं. चारुदत्तनं उजव्या हातानं दुसरं दाबलं.

ओ ताई, घुंगट घ्या ना वर, हसा की थोडं. नोको भाऊ, मोठी मान्सं हायेत. काही होत नाही हो, एकदाच हसा. आणि मानीबाई हसली, दातांतल्या फटीसकट. लखननं आईचं तोंड आयुष्यात पहिल्यांदा पाहिलं. मग डावीकडून कड्याचा हात आला.

हिरासिंग पडद्याकडे पाहत राहिला. एकोणतीस वर्षं तो जे हसू मनात धरून बसला होता, ते कुणीतरी मागून घेतलेलं होतं. मग तो वळला आणि दाराकडे चालू लागला.

लखन त्याच्या आधी दाराशी पोचला. त्यानं शटर आतून खाली ओढलं, आणि बापाला छातीला धरून त्यावर असं आपटलं, की सगळं दुकान खणखणलं. हिरासिंगच्या कपाळातून रक्त आलं. मले बाहेर जाऊ दे, असं तो म्हणू लागला, पहिल्यांदा दरडावून आणि मग विनवून. लखननं त्याला बखोट धरून आणलं आणि बबिता बसायची त्या स्टुलावर दाबून बसवलं. त्याचे हात बापाच्या खांद्यांवर होते.

पडद्यावर सुखीबाई ओठ मिटून बसली होती. मागून रडणं सुरू झालं, पण ते लांबून, बारीक येत होतं.

"पुढं चालू द्या, काका," जमिनीवरून बबिता म्हणाली. "आठ मिनिटं हायेत."

पहिला धप्प आला. हिरासिंगनं दोन्ही हातांनी कान झाकले. लखननं ते हात ओढून खाली धरले. आणि चारुदत्तनं, ज्यानं हाच आवाज एकदा दाबून वर सनई चढवली होती, त्यानं मोडक्या हातानं बटण गाठलं आणि आवाज पूर्ण वाढवला.